पाणी आधी पाडायचं

“टाकीतलं पाणी शेवटचं कधी काढलंस?”

कपाटाच्या पांढरट पडलेल्या, खळगे उठलेल्या दारावरून मामांनी अंगठा फिरवला आणि दाराबद्दल चकार शब्द न काढता हा प्रश्न केला. मला उत्तर आठवेना. मामा गुडघे टेकून खाली बसले, कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ त्यांनी पाव आटा सैल केला आणि खाली रंगाचं रिकामं डबडं धरलं. आधी फुसफुसत हवा आली. मग चहासारखं तांबूस पाणी, त्यावर ताकासारखी तेलाची साय. अर्धं डबडं भरलं तरी पाणी येतच होतं.

बेंगळुरूच्या उत्तरेला विद्यारण्यपुरात आमच्या घराखाली गाडी लावायची जागा आहे, तिथे मी सुतारकाम करते. जुनी कपाटं, खुर्च्या, पेट्या दुरुस्त करायच्या आणि त्यांना नवं लॅकर मारायचं, हे माझं काम. हत्यारांत दोन हॉर्सपॉवरचा पिस्टनचा कॉम्प्रेसर, ५० लिटरची टाकी, एक स्प्रे गन आणि गंजक्या बिजागऱ्या, कड्या साफ करायला सँडब्लास्टिंगची छोटी पेटी. मामा मूळचे बेळगावचे. बेंगळुरूतल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्समध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. सप्टेंबरमधल्या त्या दुपारी आमचं जे बोलणं झालं ते मी इथे लिहिते आहे, कारण घरी कॉम्प्रेसर ठेवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा वाद स्वतःशी घालावा लागतो.

“मामा, मी ड्रायर घेणार आहे,” मी म्हटलं. “फ्रिजसारखा असतो तो. हवा तीन अंशांपर्यंत गार करतो, पाणी वेगळं काढतो. एकदा बसवला की विषय संपला.”

“घे की. नको कोण म्हणतंय? पण त्यात जाणारी हवा किती गरम आहे ते बघितलंस काय?”

“त्याने काय फरक पडतो? गार करायलाच तर तो आहे.”

“ह्याच्या हेडला हात लावून बघ. नको, लावू नको, भाजशील. हवा दाबली की तापती. हेडातून बाहेर पडताना शंभराच्या वर असती. टाकीत येऊन थोडी निवती, पण तासभर मशीन चाललं की टाकीसुद्धा गरम. तसली हवा त्या छोट्या ड्रायरला दिलीस तर तो बिचारा उष्णता काढण्यातच दमणार. पाणी काढायला त्याच्यात जीव कुठला राहतोय? येणारी हवा पस्तीस-अडतीस अंशांच्या आसपास असावी, असं धरून हे ड्रायर बनवलेले असतात.”

मामांचा पहिला मुद्दा हा होता आणि तो बिनतोड होता. माझा प्रतिवाद दुसरा होता. बेंगळुरूची हवा मुळात कोरडी. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवरचं हे गाव, इथे मुंबईसारखा घाम येत नाही. मग इतकं पाणी आलं कुठून?

“घाम येत नाही म्हणून हवेत पाणी नाही, असं कसं म्हणतीस?” मामा म्हणाले. “हिशेब कर. तुला येतंय ते.”

हिशेब केला. पंचवीस अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम वाफ धरते. आर्द्रता ८० टक्के असेल तर १८ ग्रॅमच्या वर. मुंबईच्या जुलैत २८ अंश आणि ८५ टक्के धरले तर २३ ग्रॅम. एप्रिलमधल्या बेंगळुरूच्या दुपारी, ३४ अंश आणि ३० टक्क्यांना, जेमतेम ११. म्हणजे इथला पावसाळा मुंबईच्या फारसा मागे नाही आणि इथल्याच उन्हाळ्याच्या कितीतरी पुढे आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर हे तर इथले सगळ्यांत जास्त पावसाचे महिने.

माझा कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण २०० लिटर हवा ओढतो. तासभर सलग चालला तर १२ घनमीटर. त्या हवेत २२० ग्रॅम पाणी. एक मोठा पेलाभर पाणी दर तासाला मी स्वतःच्या हाताने यंत्रात भरत होते.

“आता दाब,” मामा म्हणाले. “आठ किलो.”

कारखान्यातली माणसं दाब किलोत बोलतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला इतके किलो. मीटरवर आठ किलो दिसतात तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब त्यात मिळवायचा असतो. बेंगळुरूत तो समुद्रकाठापेक्षा दहा टक्क्यांनी कमी असतो. हिशेब असा निघतो की आठ किलोला इथली हवा साडेनऊ पटींहून थोडी जास्त दाबली जाते. बारा घनमीटर हवा सव्वा घनमीटरात बसते. वाफ धरायची हवेची ताकद मात्र दाबाने वाढत नाही. ती जागेवर आणि तपमानावर ठरते. सव्वा घनमीटर जागा पंचवीस अंशांना २९-३० ग्रॅमपेक्षा जास्त वाफ ठेवू शकत नाही. उरलेल्या १९० ग्रॅमचं पाणी होणारच. प्रश्न एवढाच की ते कुठे व्हायचं.

मामांच्या सगळ्या बोलण्याचा गाभा इथे आहे. टाकीतली हवा ४५ अंशांवर असेल तर तेवढीच हवा जवळजवळ ९० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात घेऊन टाकीबाहेर पडते. मग ती रबरी पाइपात गार होते आणि त्यातलं ६० ग्रॅम पाणी थेट गनच्या तोंडाशी पडतं.

“पण मी फिल्टर लावलाय ना गनच्या आधी?”

“फिल्टर पाणी अडवतो गं, वाफ अडवत नाही. गाळणीतनं साखर गाळून दाखव बघू चहातली. आधी पाणी पाडायचं, मग गाळायचं. तू गाळणी पहिली लावलीस आणि पाणी तिच्या पुढं जाऊन पडलं.”

हवा कोरडी करायची तर तिला गार करा, हा विचार नवा नाही. १९०२ साली न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगीत छपाई जुळायची नाही. विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरने तिथे थंड नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातलं पाणी काढलं. आज घराघरांत बसलेला एसी त्या कागदाच्या काळजीतून जन्मला. माझ्या ड्रायरचं आणि मामांच्या उपायाचं मूळ एकच आहे, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मामांचा उपाय असा. पंपाच्या हेडातून टाकीकडे जाणारी नळी मध्ये तोडायची आणि तिथे गाडीच्या एसीचा जुना कंडेन्सर बसवायचा, पंपाच्या पंख्याचा वारा त्यावर येईल असा. त्याच्या पुढे हवेला गरगर फिरवून पाण्याचे थेंब भिंतीवर आपटणारा सेपरेटर, आणि मग टाकी.

“शिवाजीनगरला गुजरीत जाऊ. शंभर मिळतील.”

इथे थोडं थांबायला हवं, कारण हा शब्द मला फार आवडतो. कोल्हापूरकराला गुजरी म्हटलं की सोन्याचांदीचा बाजार आठवतो. बेंगळुरूच्या कन्नडमध्ये गुजरी म्हणजे भंगार. बेळगावच्या माणसाला दोन्ही अर्थ ठाऊक असतात. तरीही मामा गुजरीला जाऊ म्हणाले तेव्हा माझ्या आईने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढून “कुणाचं लग्न?” असं विचारलंच.

मी विरोध केला आणि तो अजूनही मला रास्त वाटतो. “मामा, भंगारातला कंडेन्सर किती दाब सोसतो, आतून किती कुजलाय, हे कसं कळणार? घरात पोरं फिरतात. कारखान्यात तुम्ही दाबाची चाचणी घ्याल, इथे कोण घेणार?”

मामा यावर गप्प झाले. मग म्हणाले, “हे खरं आहे. नवी तांब्याची नळी घेऊ, एसीवाल्यांकडे मिळती ती. दहा-बारा मीटरचं वेटोळं करू.”

“आणि प्लॅस्टिकची नाही.”

“पीव्हीसीचं नाव काढू नकोस. पाणी भरलेला पीव्हीसी पाइप फुटला तर गळतो. हवा भरलेला फुटला तर त्याच्या काचेसारख्या ठिकऱ्या उडतात. हवा म्हणजे दाबून ठेवलेली स्प्रिंग असती.”

वाचकांपैकी कुणी भिंतीवरून निळ्या-पांढऱ्या प्लंबिंगच्या पाइपातून हवा फिरवली असेल, तर मामांचं हे वाक्य त्यांनी परत वाचावं.

तांब्याच्या नळीतही एक मेख आहे, ती मामांनी सांगितली म्हणून कळली. टाकीच्या तोंडाशी एकदिशा व्हॉल्व्ह असतो. मोटार बंद झाली की प्रेशर स्विच पंपापासून त्या व्हॉल्व्हपर्यंतच्या नळीतली हवा ‘फुस्स’ करून सोडून देतो, म्हणजे पुढच्या वेळी मोटारीला रिकाम्या पंपावर सुरुवात करता येते. त्यामध्ये मीटरच्या मीटर नळी घातली की ही फुस्स लांबते. ती पूर्ण व्हायच्या आत मोटार पुन्हा चालू झाली तर भार पडतो. म्हणून नळी हवी तेवढीच लांब, आणि वेटोळं असं झुकलेलं की पाणी उतारानं सेपरेटरकडेच जाईल, मध्ये कुठे साचणार नाही.

आता माझी बाजू. ती मी सोडलेली नव्हती.

“समजा तुमच्या तांब्याने हवा अगदी खोलीच्या तपमानाला आणली. १९० ग्रॅम पाणी पडलं. पण उरलेल्या तीस ग्रॅमचं काय? टाकीतली हवा अजूनही शंभर टक्के दमट आहे. पाइप एक अंशाने जरी गार झाला तरी पाणी पडायला लागणार. माझा ड्रायर तीन अंशांना सातच ग्रॅम शिल्लक ठेवतो.”

“बरोबर. पण गनला तू किती दाब देतीस?”

“दोन किलो.”

“मग रेग्युलेटर काय करतोय?”

हा मुद्दा मी पुस्तकात वाचून विसरले होते. आठ किलोची हवा रेग्युलेटरमधून दोन किलोवर आली की ती तिपटीने फुगते. पाणी तेवढंच, जागा तिप्पट. शंभर टक्के दमट हवा एका क्षणात तेहतीस टक्क्यांवर येते, वीज न जाळता. जास्त दाबाला साठवायचं, तिथेच गार करून पाणी काढायचं आणि कमी दाबाला वापरायचं, यातच अर्धा ड्रायर आला. अट एकच: रेग्युलेटरच्या आधी थेंबांच्या रूपातलं पाणी सगळं निघालेलं हवं. रेग्युलेटरच्या आधी सेपरेटर का लावतात, ते मला त्या दिवशी कळलं.

“मग सँडब्लास्टिंगचं काय?” मी विचारलं. “तिथे मी सहा किलोला हवा वापरते. तिथे तुमचा रेग्युलेटर फारसा फुगवत नाही. गेल्या आठवड्यात वाळूचे गोळे झाले पेटीत, नळी दोनदा तुंबली.”

मामांनी मान हलवली. “तिथं तुझं खरं. तिथं गार करून भागत नाही. तिथं सिलिका जेल पाहिजे.”

सिलिका जेलचं गणित पाहिलं की दोघांचं म्हणणं एकमेकांत अडकलेलं दिसतं. अर्धा किलो दाणे आपल्या वजनाच्या पाव भागाइतकं पाणी आरामात घेतात, म्हणजे सव्वाशे ग्रॅम. टाकीतून ४५ अंशांची हवा आली तर हे दाणे दीड तासात संपतील. हवा पंचवीस अंशांपर्यंत गार होऊन आली तर चार तासांहून जास्त टिकतील. शिवाय वाहतं पाणी किंवा तेल त्यांच्यावर पडलं तर ते तडकतात, तेल बसलेले दाणे पुन्हा कामाचे राहत नाहीत. म्हणजे हवा सुकवायचं माझं साधन मामांच्या नळीशिवाय उभं राहत नाही. ओले झालेले दाणे १२० अंशांच्या आसपास दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. निळे दाणे पाणी प्यायले की गुलाबी होतात ते कोबाल्ट क्लोराइडमुळे, आणि ते अंगाला घातक आहे. केशरी दाणे घ्यावेत.

एवढं होईपर्यंत मी दार विसरले होते. मामा विसरले नव्हते.

“आता तुझं दार. चल, आरसा आण.”

गनमध्ये रंग न भरता त्यांनी नुसती हवा आरशावर मारली. एक मिनिट, दोन मिनिटं. सुरुवातीला तीन-चार थेंब उडाले. टाकी रिकामी करून पुन्हा भरली आणि मशीन गार असतानाच मारली, तेव्हा आरसा स्वच्छ राहिला.

“हे थेंब म्हणजे तुझ्या दारावरचे खळगे. ते कॉम्प्रेसरचं पाप. पण हा सगळीकडचा पांढरेपणा त्याचा नव्हे.”

“मग कुणाचा?”

“खोलीचा.”

मी मान्य करायला तयार नव्हते. तेव्हा त्यांनी पुन्हा माझ्याच आकड्यांकडे बोट दाखवलं. पाणी पाडून झाल्यावर बारा घनमीटर हवेत तीस ग्रॅम वाफ उरते, म्हणजे गनमधून बाहेर सुटलेल्या हवेत घनमीटरला अडीच ग्रॅम. भोवतालच्या खोलीत अठरा. गनची हवा खोलीच्या हवेपेक्षा सातपट कोरडी आहे. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार करतो. खोली दमट असेल तर त्या गार पृष्ठभागावर दव पडतं, आणि ओल्या लॅकरमध्ये ते पाणी शिरलं की नायट्रोसेल्युलोज दह्यासारखं फाटतं. तोच पांढरेपणा. हवेच्या पाइपावर कितीही ड्रायर लावले तरी तो जाणार नाही. त्याला उपाय म्हणजे उघडीप बघून दुपारी रंग मारणं, सावकाश उडणारा थिनर म्हणजे रिटार्डर घालणं, किंवा त्या दिवशी रंग न मारणं.

ड्रायरचे पैसे भरायच्या बेतात होते मी. ज्या दोषासाठी ते भरणार होते, तो दोष ड्रायरच्या कक्षेतच नव्हता. दमट हवेच्या दोन तक्रारी एकाच दारावर होत्या, खळगे आणि पांढरेपणा, आणि दोन्हींचं पाणी वेगवेगळ्या वाटेने आलं होतं. या विषयात माणसं पैसे घालवतात ती इथेच, असं माझं ठाम मत झालं आहे. आधी आरसा, मग खरेदी.

एका गोष्टीवर आमचं अजूनही एकमत नाही. टाकीखाली मी आपोआप उघडणारा, टायमरचा नळ बसवायचं ठरवलं.

“नको,” मामा म्हणाले. “रोज हाताने काढ. पाण्याचा रंग बघायला मिळतो. पांढरं आलं तर तेल जास्त जातंय, रिंगा गेल्या. तांबडं आलं तर टाकी गंजती आहे. पापुद्रे आले तर मशीन त्याच क्षणी बंद. टायमर लावलास की पाणी जाईल, पण खबर कोण देणार?”

“आणि मी विसरले तर? आज डबडं भरून काढलंत तुम्ही. ज्या उपायाला रोज आठवण लागते तो उपाय माझ्यासारख्या घरच्या कामाला पुरत नाही. तुमच्या कारखान्यात पाळी बदलताना पाणी काढायला ठरलेला माणूस होता.”

“होता. आणि त्याच्यावर नजर ठेवायला मी होतो. आणि माझ्यावर कायदा होता.”

कारखाने कायदा, १९४८, त्यातलं ३१ वं कलम दाबाखाली चालणाऱ्या यंत्रसामग्रीचं. सुरक्षित दाबाच्या वर जाऊ द्यायचं नाही, टाक्यांची तपासणी करायची, हे तिथे बंधनकारक होतं. घराखालच्या ५० लिटरच्या टाकीला असा कुणी वाली नाही. तिचा पत्रा जाड दिसतो, बाहेरचा रंग चकचकीत असतो, आणि गंज आतून, सगळ्यांत खालच्या पट्ट्यात, जिथे पाणी साचतं तिथेच तो पत्रा खातो. बाहेरून काही दिसत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह इथे वाचवत नाही. तो जादा दाब सोडतो, आणि पातळ झालेली टाकी रोजच्या नेहमीच्या दाबालाच फुटू शकते.

लॅकर खराब झालं तर खरवडून पुन्हा मारता येतं. म्हणून कोरड्या हवेची सगळी चर्चा या पत्र्यापासून सुरू व्हायला हवी होती, असं आज मला वाटतं. मी ती दारापासून सुरू केली. मामांनी मात्र पहिलाच प्रश्न टाकीचा विचारला होता.

शेवटी झालं ते असं. पंप आणि टाकीच्या मध्ये नव्या तांब्याचं वेटोळं आणि सेपरेटर आला. भिंतीवरची लाइन आता किंचित उतरती आहे, तिच्या शेवटी खाली लोंबणारी एक नळी आणि तिला नळ आहे. गनसाठीची शाखा लाइनच्या वरच्या अंगातून काढून खाली वळवली, म्हणजे तळाशी वाहणारं पाणी तिच्यात शिरत नाही. सँडब्लास्टिंगच्या शाखेवर केशरी सिलिका जेलचा डबा आहे, लोखंडी. पारदर्शक प्लॅस्टिकचा वाडगा थिनरच्या वाफेने तडकतो. टायमरचा नळ मी बसवलाच. पण मामांच्या म्हणण्यासाठी त्याच्या तोंडाखाली काचेची बरणी ठेवली आहे आणि दर शनिवारी ती बघते. दार खरवडून ऑक्टोबरातल्या एका कोरड्या दुपारी पुन्हा रंगवलं. ते आता आईच्या खोलीत आहे. ड्रायर घेतलेला नाही.

तुमच्या घरी, गॅरेजमध्ये किंवा दुकानाच्या मागे कॉम्प्रेसर असेल तर हे वाचून झाल्यावर खाली जा. मशीन बंद करा, दाब एक-दोन किलोवर आणा, डोळ्यांवर चष्मा चढवा, खाली भांडं धरा आणि टाकीखालचा नळ हळूच सैल करा. पाण्यात गंजाचे पापुद्रे दिसले, तर ती टाकी पुन्हा भरू नका.